समोरचा कोण होता?

तेव्हा मी नाशिकमधल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात वैद्यकीय अधिकारी होते. रविवारच्या ड्युटीत वेळेवरून पेशंट ओळखता यायचे. सकाळी त्र्यंबकच्या रस्त्याला गाडी घसरलेले. दुपारी द्राक्षबागांतले मजूर, कुणाच्या बोटात कात्री घुसलेली, कुणाला फवारणीचं औषध बाधलेलं. संध्याकाळी सातनंतर गंगापूर धरणाच्या बाजूनं परतणारे. हे शेवटचे बहुतेक तरुण असायचे आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “मॅडम, पोलीस केस करू नका ना.”

सांगते आहे तो रविवार ३१ मार्च २०१९ चा. खेळाडूचं, त्याच्या संघाचं, गल्लीचं नाव लिहिणार नाही. डॉक्टर म्हणून ते माझ्यावर बंधन आहे.

दुपारी चहाच्या वेळी आमचा इंटर्न मोबाइल हातात धरूनच आत आला. क्रिकेटवेडा मुलगा. “मॅडम, करुणारत्नेला अटक झाली. दारू पिऊन गाडी चालवली.” श्रीलंकेचा कसोटी कर्णधार दिमुथ करुणारत्ने. महिनाभरापूर्वीच त्याच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला त्यांच्याच मैदानांवर २-० नं हरवलं होतं. तिथं कसोटी मालिका जिंकणारा आशियातला तो पहिला संघ. आणि त्या रविवारी पहाटे कोलंबोच्या बोरेल्ला भागात त्याच्या गाडीनं एका तीनचाकीला धडक दिली होती. रिक्षावाल्याला रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

चहा होईपर्यंत त्याच्यावर चर्चा झाली. सिस्टर म्हणाल्या, “देव एवढं देतो आणि यांना ते पचत नाही.” वॉर्डातले मामा म्हणाले, “जन्माची बंदी घातली पाहिजे, बाकीचे आपोआप सुधरतील.” इंटर्नला ते पटेना. “मामा, एवढा मोठा विजय मिळवून आलाय माणूस, जरा पार्टी झाली असेल. एका चुकीसाठी करिअर संपवायचं का?” औषधांच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “काही होत नाही मोठ्यांना. महिन्याभरात टॉसला उभा दिसेल.” मीही बोलले. “दोन महिन्यांवर विश्वचषक आलाय, गेलं सगळं बिचाऱ्याचं,” असं माझं वाक्य होतं. ते मला शब्दशः आठवतं, कारण त्या रात्रीनंतर ते वाक्य मला कित्येक दिवस बोचत राहिलं.

रिक्षावाल्याबद्दल आमच्या पाच जणांपैकी कुणीच काही विचारलं नाही. आम्ही अपघात विभागात काम करणारी माणसं. रिक्षातून फेकला गेलेला माणूस कसा येतो, त्याच्या बरगड्या कुठं मोडतात, हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी आमच्या डोळ्यांपुढं आला तो कर्णधारच.

पावणेनऊला पोलिसांची गाडी दारात लागली आणि मागोमाग दहा-बारा मोटारसायकली. बाहेरच्या हॉलमध्ये टीव्हीवर चेन्नई आणि राजस्थानची मॅच सुरू होती. नातेवाईक बाकांवर, काही जमिनीवर चटया टाकून. हवालदार एका उंच, रुंद खांद्यांच्या मुलाला दंडाला धरून आत घेऊन आले आणि मी त्याला बघताक्षणी ओळखलं.

आदल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन मी कबड्डीचे सामने बघायला गेले होते. हा मुलगा चढाईला निघाला की मैदानाभोवतीचा गलका आपोआप थांबायचा आणि त्याचा दम तेवढा ऐकू यायचा, कबड्डी कबड्डी कबड्डी, एकसारखा, न तुटणारा. बोनस रेषेपलीकडं पाऊल टाकून तो असा मागं यायचा की पकडायला आलेल्याचा हात हवेत राहायचा. माझ्या भाच्यानं त्याच्यासोबत फोटो काढला होता. त्याच्या भागात त्याचा फ्लेक्स लागलेला होता, “आपला वाघ” म्हणून. वय बावीस. पुढच्या आठवड्यात कुठल्या तरी लीगच्या संघासाठी निवड चाचणी होती, हे मला पाच मिनिटांत पाच जणांनी सांगितलं.

तोच मुलगा आता माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. डोळे लाल, कपाळावर काचेचा बारीक ओरखडा, उजवा खांदा धरलेला. पोलिसांच्या पत्रावर लिहिलं होतं, मोटार वाहन कायदा कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, ताब्यात घेतल्याची वेळ ८ वाजून ५ मिनिटं.

ही वेळ महत्त्वाची असते, हे बाहेरच्या मुलांना कुणीतरी शिकवलेलं होतं. कायद्याच्या कलम २०२ मध्ये आहे की अशा अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडून द्यावं लागतं. आणि कायद्यात काहीही असलं तरी शरीर आपलं काम करतच असतं. रक्तातली दारू तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमनं उतरते. आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे दोन तास ढकलले की अख्खी मर्यादा भरेल एवढी दारू पुराव्यातून निघून गेली. म्हणून मग सुरू होतं, “मॅडम, आधी खांद्याचा एक्स-रे काढा.” “मॅडम, त्याला लघवीला जाऊन येऊ द्या.” “वकील निघालेत, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये आहेत, पंधरा मिनिटं थांबा.” कुणी त्याला लिंबूपाणी पाजायला बघत होतं, कुणी ताकाची पिशवी घेऊन आलं होतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानंही दारू लवकर उतरत नाही. तासन्‌तास वेळच जावा लागतो.

मी खांदा तपासला. मुका मार होता, हाड जागेवर होतं. एक्स-रे नंतर होईल म्हणून सांगितलं.

एक मित्र पुढं होऊन अगदी मनापासून म्हणाला, “मॅडम, दारू नव्हती हो. वाइन होती. फार्महाउसवर टूर्नामेंट जिंकल्याची पार्टी होती. द्राक्षाचा रसच तो.” हे नाशिकमध्ये मी इतक्यांदा ऐकलं आहे, की इथं जरा थांबून सांगायलाच हवं. आपल्या गावाला वाइनची राजधानी म्हणतात, गंगापूरच्या बाजूला वायनरी आहेत, तिथं घरच्यांबरोबर जाण्यात आता कुणाला काही वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. पण १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० चा छोटा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम १३ मिलिलिटर. ग्लासभर वाइन पिणाऱ्यानं त्या पेगपेक्षा जास्तच दारू घेतलेली असते. यकृताला द्राक्ष आणि धान्य यांत फरक कळत नाही. त्या मुलानं तीन ग्लास घेतले होते असं तो सांगत होता.

हॉलमध्ये एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की आत कोण आहे. दार उघडं-बंद होताना तुकडे कानावर येत होते.

“पोरगं आहे, चूक होते. आपण काय या वयात केलं नाही का?”

“असल्यांना भर चौकात उभं करून फटके दिले पाहिजेत.”

“गरिबाघरचा आहे हो, कुठून कुठं आलाय. एका रात्रीसाठी वाटोळं करू नका.”

“नाव झालं की माज येतोच.”

“काही नाही होणार. एक फोन आला की सोडतील.”

फोन आलाही. नाव घेत नाही, पण आवाज ओळखीचा होता. “डॉक्टर, मुलगा आपल्या जिल्ह्याचं नाव काढणार आहे, जरा सांभाळून घ्या.” मी “तपासणी सुरू आहे” एवढंच म्हणून फोन ठेवला. हात थरथरत होता, हे खोटं कशाला सांगू.

आणि हात थरथरत असतानाच माझ्या लक्षात आलं की दुपारी चहाच्या टेबलावरचीच ही सगळी वाक्यं आहेत. तीच दया, तोच संताप, तोच “काही होत नाही”. कोलंबोच्या माणसासाठी म्हटलेली वाक्यं जशीच्या तशी उचलून इथल्या पोरासाठी वापरली जात होती. फटके द्या म्हणणारा आणि माफ करा म्हणणारा, दोघांचं बोट एकाच माणसाकडं होतं.

तपासणीला मुलाची संमती घेतली. श्वासाला वास, बोलणं किंचित जड, बाहुल्या विस्फारलेल्या. नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगितलं तर ते गालावर गेलं. मग चालायला सांगितलं. आमच्या तपासणीच्या खोलीत जुन्या शहाबादी फरशा आहेत आणि त्यांच्या सांध्यांची एक सरळ रेघ भिंतीपर्यंत जाते. त्या रेघेवर टाचेला चवडा लावत चालायचं. तो उभा राहिला, खाली रेघेकडं बघितलं, आणि पहिलं पाऊल बरोबर टाकलं. दुसरं एक बोट बाहेर. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला आणि त्यानं टेबल धरलं. ज्या पोराचं पाऊल मैदानातल्या चुन्याच्या रेघेवर केसाइतकंही चुकत नसे, त्याला चार फरशा ओलांडता येईनात. त्यालाही ते कळलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “मॅडम, परत एकदा चालतो. आत्ता नीट चालतो.” मी त्याला पुन्हा चालू दिलं. पुन्हा तेच झालं.

मग रक्त. हाताची शीर शोधावी लागली नाही, कोपरापाशी दोरीसारखी वर आलेली होती. एरवी सुई टोचायच्या आधी आपण स्पिरिटचा बोळा फिरवतो. या तपासणीत तो चालत नाही, स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. निर्जंतुक पाण्यानं त्वचा पुसायची, कोरडी करायची, नवी सिरिंज, पाच मिलिलिटर रक्त, सोडियम फ्लोराइड असलेली बाटली, हलवून बूच, त्यावर पट्टी, लाख, शिक्का, आणि अ आणि ब नमुन्यातले अर्ज. सिस्टरनं सवयीनं स्पिरिटचा ट्रे पुढं केला होता, मी तो खोलीबाहेर ठेवायला सांगितला आणि तसं कागदावर लिहिलं. पुढं साक्षीला गेले तेव्हा बचावाच्या वकिलांचा पहिला प्रश्न तोच होता, “कातडी कशानं पुसली?” कागदावर लिहिलेलं होतं म्हणून निभावलं.

सुई शिरेत असतानाच हॉलमध्ये प्रचंड ओरडा झाला. मला वाटलं, गर्दी आत घुसली. मामा दारातून म्हणाले, “काही नाही मॅडम, धोनी.” शेवटच्या षटकात उनाडकटला धोनी तीन चेंडूंवर तीन षटकार मारत होता. बाहेर शिट्ट्या, टाळ्या. तो मुलगा दाराकडं बघत राहिला. बाटलीत रक्त भरत होतं. टाळ्या थांबल्यावर त्यानं विचारलं, “मॅडम, चाचणीला जाता येईल ना मला?”

मी वेळ लिहिली, ९ वाजून ४२ मिनिटं. मला त्याची दया आली हे मान्य करते. बावीस वर्षांचं पोर, आईबाप गावाकडं, सगळं आयुष्य त्या दमावर आणि त्या पायांवर उभं. मी त्याला पाणी दिलं.

मग रजिस्टर भरायला बसले. कुणी आणलं, कुठं घडलं, कसं घडलं. गंगापूर रोड, सोमेश्वरच्या अलीकडं, अंदाजे साडेसात. “कसं घडलं” पाशी पेन थांबलं. मी हवालदारांना विचारलं, “समोरचा कोण होता?”

घड्याळात सव्वादहा झाले होते. दीड तास झाला होता मुलाला आणून. खांदा तपासून झाला, दम आठवून झाला, फोन घेऊन झाला, आणि समोरचा कोण होता हे मी आत्ता विचारत होते.

“सायकलवाला होता मॅडम. वॉचमन. ड्युटीला चालला होता. लोकांनी जवळच्या खाजगी दवाखान्यात टाकलं.”

“नाव?”

हवालदारांनी वही चाळली. “अजून घ्यायचंय. शुद्ध नव्हती.”

मी त्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या ड्युटी डॉक्टरनं सांगितलं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचावन्न, डाव्या मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, शुद्ध येते-जाते. मोबाइल फुटलेला. नातेवाईक कुणी नाही. ऑपरेशन लागणार, पण सही कोण करणार?

घरी कळलेलं नसणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठलाच घरी येतो. घरचे निवांत झोपले असतील. आणि जिथं तो कामाला होता तिथं काय झालं, ते नंतर समजलं. आठपर्यंत आला नाही म्हणून सुपरवायझरनं त्याचा खाडा मांडला होता आणि दुसऱ्याला उभं केलं होतं. तीन तास तो माणूस या शहरात कुणाच्याच हिशेबात नव्हता. त्याला धडक देणाऱ्या मुलासाठी मात्र त्याच तीन तासांत चाळीस माणसं जमली होती, एक वकील निघाला होता आणि एक फोन येऊन गेला होता.

मी बाहेर आले. मुलाचे प्रशिक्षक भिंतीला टेकून उभे होते. सज्जन माणूस, शाळेत शिक्षक, स्वतःच्या खिशातून पोरांना दूध-अंडी देणारे. त्यांनी वाचलेलंही बरंच होतं. हात जोडून म्हणाले, “मॅडम, मायकल फेल्प्सचं बघा. ऑलिम्पिकचा एवढा मोठा जलतरणपटू. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला, तरी परत आला. रिओमध्ये पाच सुवर्णपदकं घेतली. मग आपल्या पोरालाच संधी का नको?”

मला ती हकिगत माहीत होती, कारण व्यसनमुक्तीच्या एका व्याख्यानासाठी मी ती वाचलेली होती. म्हटलं, “सर, फेल्प्स दोनदा पकडला गेला. पहिल्यांदा २००४ मध्ये. अथेन्सहून सहा सुवर्णपदकं घेऊन आला त्याच वर्षी, वय एकोणीस. तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील, पोरगं आहे. दहा वर्षांनी, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, बाल्टिमोरला तो पुन्हा सापडला. त्यांच्याकडची मर्यादा आपल्यापेक्षा बरीच जास्त, तरी त्याच्याही पावणेदोन पट दारू होती. तेव्हा मात्र जलतरण संघटनेनं सहा महिने बंदी घातली, जागतिक स्पर्धेच्या संघातून काढलं, आणि तो उपचाराला दाखल झाला. रिओची पदकं त्यानंतरची आहेत. त्या दहा वर्षांत रस्त्यावर त्याच्यासमोर कुणी आलं नाही, हे नशीब. तुमच्या पोराच्या समोर आज माणूस आला.”

सर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “कोण होतं?”

मी सांगितलं. वॉचमन आहेत, सायकलवरून कामाला चालले होते, मांडी मोडली आहे, नाव अजून कुणाला माहीत नाही, घरी कुणाला कळलेलं नाही. आवाज चढवून सांगितलं नाही, पण टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या आणि हॉलमध्ये बऱ्याच जणांना ऐकू गेलं. फटके द्या म्हणणारे आणि माफ करा म्हणणारे, दोन्ही बाजूचे लोक खाली बघू लागले.

त्या मोटारसायकलवाल्यांतला एक मुलगा पुढं आला. एकोणीस-वीसचा असेल, संघाची जर्सी घातलेला. “मॅडम, कुठला दवाखाना?” मी सांगितलं. तो आणि अजून एक जण निघून गेले. अपघाताच्या जागी जाऊन, आजूबाजूच्या बांधकामांवर विचारत विचारत त्यांनी सुपरवायझर गाठला, रजिस्टरमधून नाव आणि पत्ता काढला, सातपूरच्या मागच्या वस्तीत जाऊन दार वाजवलं आणि त्या बाईंना दवाखान्यात आणून सोडलं. रात्री एकला तो पोरगा परत येऊन मला म्हणाला, “मॅडम, नाव मिळालं. काकू तिथं पोचल्या.” त्या रात्रीचं एवढं एकच काम मला समाधान देऊन गेलं, आणि तेही मी केलेलं नव्हतं.

पुढच्या गोष्टी भरभर सांगते. मुलाला दुसऱ्या दिवशी जामीन झाला. रक्ताचा अहवाल मर्यादेच्या बराच वर आला. निवड चाचणीला तो गेला नाही, सरांनीच जाऊ दिलं नाही असं मी ऐकलं. त्याच्या भागातला फ्लेक्स उतरवावा की नाही यावर आठवडाभर वाद झाला म्हणे, शेवटी एका रात्री कुणीतरी तो काढून नेला. मला बाजारात, रिक्षात, नातेवाइकांच्या लग्नात लोक त्याच्याबद्दल विचारायचे. “खरंच एवढा प्यायला होता का हो?” “आता संपलंच ना त्याचं?” करुणारत्नेला त्याच्या मंडळानं साडेसात हजार डॉलरचा दंड केला आणि एप्रिलमध्येच विश्वचषकासाठी कर्णधार नेमलं. २०१५ च्या विश्वचषकानंतर तो एकही एकदिवसीय सामना खेळलेला नव्हता. जूनमध्ये त्याच्या संघानं इंग्लंडला लीड्सला हरवलं त्या दिवशी आमचा इंटर्न मला फोन करून म्हणाला, “बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं?” मी त्याला विचारलं, “त्या रिक्षावाल्याचं काय झालं रे पुढं?” तो म्हणाला, “कुठला रिक्षावाला?” त्याला दोष देत नाही. दुपारच्या चहाला मीही विचारलं नव्हतं.

आमचा मुलगा जुलैत पुन्हा मैदानात उतरला. नवा फ्लेक्स लागला. खेळायला माझा विरोध नव्हता आणि नाही. शिक्षा ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आणि एक पाय रस्त्यात चुकला म्हणून त्याचा दम कायमचा बंद करावा असं मला वाटत नाही. इंग्लंडच्या वेन रूनीला २०१७ मध्ये अशाच गुन्ह्यासाठी दोन वर्षं गाडी चालवायला बंदी आणि शंभर तास विनामोबदला समाजाचं काम, अशी शिक्षा झाली होती. त्यात मला काही अर्थ दिसतो. शंभर तास माणूस खाली वाकून काही करतो. आपल्याकडं तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं होतं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून दंड दहा हजार झाला.

जुलैच्याच एका पावसाळी सोमवारी माझी ड्युटी बाह्यरुग्ण विभागात होती. दाखल्यासाठी एक जोडपं आलं. गृहस्थ वॉकरवर, डावा पाय पुढं टाकताना तोंड मिटून घेत होते. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि वरच्याच कागदावर मला तारीख दिसली, ३१ मार्च.

मी त्यांना बसवलं. मांडीत रॉड होता, हाड जुळत होतं पण सावकाश. जागेवर दुसरा माणूस लागला होता. बाई चार घरची भांडी धरत होत्या. दवाखान्याचा पहिला खर्च सरांनी आणि पोरांनी वर्गणी काढून भरला होता, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी त्या मुलाचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. निघताना गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुमची पोलिसांत ओळख असंल तर एक इचारा. माझी सायकल कधी देतील?”

मी संध्याकाळी त्या हवालदारांना फोन केला. ते म्हणाले, “मुद्देमालात आहे मॅडम. सुपूर्दनाम्यावर सुटंल, पण कोर्टात अर्ज करावा लागतो. कुणी केलाच नाही.”

“आणि मोटार?”

“ती चौथ्या दिवशीच नेली त्यांच्या वकिलानं.”

माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी फी न घेता अर्ज करून दिला. आदेश मिळाला त्या शनिवारी त्या बाईंसोबत मी ठाण्याच्या आवारात गेले. मागच्या भिंतीला जप्तीच्या दुचाकी एकावर एक रेललेल्या होत्या, त्यांच्या तळाशी ती सायकल. पुढच्या चाकाचा आठ झालेला, साखळी गंजून तांबडी, सीटवर पावसाचं पाणी. हँडलला डब्याची कापडी पिशवी तशीच बांधलेली होती. बाईंनी आधी गाठ सोडून पिशवी काढली. डबा उघडला नाही, पदराखाली धरला. मग म्हणाल्या, “मॅडम, मागून जरा उचला,” आणि आम्ही दोघींनी ती सायकल बाहेर काढली.